तंबोऱ्याचा खर्ज कापणारी तयार सेटिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी कोणते इक्वलायझर प्लगिन (आवाजातले खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारी, संगणकात बसवायची साधनं) विकत घ्यावेत, याची किमतींसह यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. मी मिरजेत २८ वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेते आणि टाळेबंदीपासून मुलांची रेकॉर्डिंगही माझ्याच घरी, लॅपटॉपवर करते. ती यादी वाचून किती आईबाप खर्चात पडतील, या काळजीने हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी बारावीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीला स्पर्धेसाठी भूपचा ख्याल पाठवायचा होता. ती काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाते. वडिलांनी दिवाळीच्या सवलतीत तिला १६ हजारांचा प्लगिनसंच घेऊन दिला होता. त्यातली स्त्रीच्या आवाजासाठीची तयार सेटिंग तिने अख्ख्या रेकॉर्डिंगवर लावली आणि मोठ्या आशेने मला ऐकवायला आणली. आवाज चकचकीत झाला होता, पण तंबोरा चिरका लागत होता. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या साची, तार छेडलेली कळत होती, भरत मात्र नव्हती. प्लगिन उघडला तर १५० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची मोजायचं माप) खालचं सगळं कापलेलं. काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर येतो आणि त्याचा खर्ज १०४ वर. ज्या सुराला टेकून पोरगी गात होती, त्याचाच पाया त्या सेटिंगने काढून घेतला होता.

सेटिंग बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. गिटार-ड्रम्सच्या गर्दीतून गायिकेला वर काढायचं काम त्याच्यासमोर असतं. आपल्या ख्यालात गाणारी आणि तंबोरा यांच्यामध्ये गर्दीच नाही. ‘८० हर्ट्झच्या खालचं बिनदिक्कत कापा’ हा सल्लाही सर्रास मिळतो. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो, त्याचं काय?

आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथले कारागीर घोडीवर तारेखाली सूत केसभर सरकवतात आणि मुकी तार एकदम बोलू लागते. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. या जवारीतून, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या झंकारातून, निघणारे वरचे स्वर एका जागी थांबत नाहीत, तार वाजत असताना ते फिरत असतात. तिथे ३-४ हजार हर्ट्झवर ठोक वाढ दिली की झंकाराची नुसती किरकिर होते. तंबोऱ्याचा आवाज खुलवायचा असेल तर सुताला हात लावावा, माउसला नव्हे.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुणही होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५०, १००, १५० अशा ठिकाणी सापडते. ती घालवायला मुलीने १०० वर खोल खाच पाडली होती, म्हणजे तेवढाच सूर कापला होता. १०० आणि १०४ मध्ये अंतर ते किती! लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं आणि गुणगुण गेली. खाचेची गरजच उरली नाही.

आता प्लगिन कोणता, या मूळ प्रश्नाकडे येते. मी रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरते. त्यात रीईक्यू हा इक्वलायझर आधीपासून असतो आणि आमचं बहुतेक काम त्यावरच होतं. टीडीआर नोव्हा हा प्लगिन फुकट मिळतो. त्यातला पट्टा आवाज ठरावीक मर्यादेपुढे गेला तरच दाबतो, म्हणून तार षड्जावर टोचणारा गळा मध्य सप्तकाला धक्का न लावता सौम्य करता येतो. फॅबफिल्टर प्रो-क्यू उत्तम आहे, हात झपाझप चालतो, पण रोज मिक्सिंग करून पोट भरणाऱ्याने तो घ्यावा. पल्टेक या जुन्या इक्वलायझर यंत्राच्या प्लगिन-नकलांचं आकर्षण मला समजतं. १९५१ मधलं ते मूळ यंत्र व्हॉल्व्हवर चालणारं, आणि त्यात खालचा सूर एकाच वेळी वाढवताही येतो, कमीही करता येतो. त्याने येणारा भराव गोड असतो. मात्र या नकलांत खालच्या खुणा बहुधा २०, ३०, ६० आणि १०० एवढ्याच. छोट्या खोलीत पेटीला ३००-४०० हर्ट्झच्या आसपास जो डब्यातून आल्यासारखा आवाज येतो, तो काढायला पल्टेक कामाचा नाही.

त्या मुलीची मी एक परीक्षा घेतली. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिच्या विकतच्या प्लगिनमध्ये आणि रीईक्यूमध्ये ३५० हर्ट्झवर अडीच डेसिबलची तीच घट, तेवढ्याच रुंदीची लावली आणि दोन्हींचा आवाज अगदी बरोबरीला आणला. हे फार महत्त्वाचं, कारण जरासा मोठा आवाजही कानाला चांगलाच वाटतो. तिचा भाऊ बटण दाबत होता. दहा वेळा विचारलं, पाच वेळा बरोबर आलं. ती रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, कारण वडिलांनी हप्त्यावर घेतलेली वस्तू होती.

शेवटी आम्ही काय केलं? खोलीत गाद्या उभ्या केल्या, माइक कोपऱ्यातून काढून खोलीत पुढे घेतला, पंखा बंद केला आणि ख्याल पुन्हा गायला लावला. आवाजावर ६० हर्ट्झच्या खाली काप आणि ३५० वर ती अडीच डेसिबलची घट. तंबोऱ्यावर काहीच नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात किमतींच्या शेजारी काळी एकपासून काळी पाचपर्यंतच्या षड्जाचे आणि खर्जाचे आकडे छापावेत. एका चौकटीत मावतील. मुलं ती चौकट कापून लॅपटॉपशेजारी चिकटवतील, माझ्या शिकवणीत तर नक्कीच.

आपली,
गाणं शिकवणारी एक वाचक, मिरज