मुलींना धावायला मैदान द्या

महोदय,

टोकियोत सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत अमेरिकेच्या मेलिसा जेफरसन-वूडनने महिलांची १०० मीटर शर्यत १०.६१ सेकंदांत जिंकली. या स्पर्धेतला हा नवा विक्रम. आमच्या घरात मात्र सगळ्यांची नजर खिळली होती ती सहाव्या आलेल्या जमैकाच्या शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसवर. वय ३८! २०१७ मध्ये ती आई झाली आणि दोनच वर्षांनी दोहात १०.७१ सेकंदांत पुन्हा विश्वविजेती. १०० मीटरची पाच जागतिक सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत.

माझी आठवीतली मुलगी तेव्हापासून रोज पहाटे ठाण्यातल्या तलावपाळीला, म्हणजे तलावाकाठच्या फरसबंद वाटेवर धावते, फिरायला आलेल्या लोकांच्या गर्दीतून वाट काढत. घराजवळच्या मैदानावर कधी लग्नाचा मांडव, कधी प्रदर्शन. मांडव निघाला की मागे खड्डे आणि खिळे. वेगवान धावपटूला वाकून सुटण्याचा, पहिल्या तीस मीटरांत जमिनीला रेटा देण्याचा सराव लागतो. तो फरसबंदीवर होत नाही, नडग्या तेवढ्या दुखू लागतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. असा क्षणभराचा फरक अशाच सरावातून भरून निघतो.

निदान सकाळी सहा ते आठ ठाण्यातली मैदाने धावणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावीत आणि मांडव काढणाऱ्याकडूनच खड्डे बुजवून घ्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, नौपाडा, ठाणे