जिंकला तो ‘रेंजर्स’ नव्हे, नुसता ‘क्वीन्स पार्क’

महोदय,

९ फेब्रुवारी २०२५ रोजी स्कॉटिश कप या फुटबॉल स्पर्धेत लागलेल्या धक्कादायक निकालाची आपण दखल घेतलीत, त्याचा आनंद झाला. पण आपल्या बातमीचा मथळा आहे ‘क्वीन्स पार्क रेंजर्सची कमाल’. क्वीन्स पार्क रेंजर्स हा लंडनचा संघ. त्या रविवारी ग्लासगोतल्या आयब्रॉक्स मैदानावर १-० असा जिंकला तो क्वीन्स पार्क आणि हरला तो बलाढ्य रेंजर्स. आपण जिंकणारा आणि हरणारा एकत्र करून तिसऱ्याच्याच गळ्यात हार घातलात!

एवढेच असते तर हसून सोडून दिले असते. बातमीच्या शेवटी या क्लबला ‘छोटा हौशी संघ’ म्हटले आहे, ते मात्र मनाला लागले. मी पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेला माणूस. गल्लीतली पोरे चेंडू पायाला चिकटवून धावायला लागली की आमचे जुने खेळाडू बाहेरून ओरडायचे, ‘अरे, पास दे की!’ ते ‘पास दे’ पहिल्यांदा पद्धतशीर खेळून दाखवले ते या ‘छोट्या’ संघाने.

क्वीन्स पार्कची स्थापना ९ जुलै १८६७ ची. स्कॉटलंडमधला हा सर्वांत जुना फुटबॉल क्लब. इंग्लंडमध्ये एफए कप ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा करंडकासाठी यांनीही एक गिनी (एक पौंड एक शिलिंग) पाठवली. क्लबची वर्षाची मिळकतच जेमतेम सहा पौंडांची, हे लक्षात घ्या. १८७२ मध्ये लंडनला जाऊन तिथल्याच वाँडरर्स संघाविरुद्धचा उपांत्य सामना त्यांनी बरोबरीत सोडवला, पण फेरसामन्यासाठी मुक्काम परवडेना. स्पर्धा सोडून घरी परतले. वाँडरर्स अंतिम फेरीत गेले आणि कप घेऊन गेले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्लासगोत, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. तोवर स्कॉटलंडमध्ये फुटबॉल संघटनाच नव्हती, म्हणून संघ उभा केला क्वीन्स पार्कने. अकराच्या अकरा खेळाडू त्यांचे. आज स्कॉटलंड घालतो तो गडद निळा शर्टही मुळात त्यांचाच. क्वीन्स पार्कच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या नंतर आल्या. इंग्लंडची रीत अशी, की एकाने चेंडू घ्यायचा, मान खाली घालायची आणि घुसायचे, बाकीचे मागोमाग. स्कॉटिश खेळाडू अंगाने हलके, धडकाधडकीत टिकणारे नव्हेत. त्यांनी चेंडू आपसात फिरवला. सामना ०-० सुटला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत याच खेळाने इंग्लंडला रडवले.

मुलीकडे ग्लासगोला गेलो होतो तेव्हा यांचे पहिले मैदान, जुने हॅम्पडेन, शोधत गेलो. रेल्वेमार्गासाठी १८८३ मध्ये ते मैदान गेले. तिथे आता बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे सरपटवण्याच्या खेळाचा, क्लब आहे. बारीक पाऊस पडत होता आणि एक आजोबा हिरवळीवर काळा गोळा सरपटत सोडून तो कुठे थांबतो हे वाकून बघत होते. मागच्या भिंतीवर स्कॉटलंडने १८८२ मध्ये इंग्लंडला ५-१ हरवले त्याचे भलेमोठे चित्र. त्या संघात होता अँड्र्यू वॉटसन. ब्रिटिश गयानात जन्मलेला, वडील स्कॉटिश मळेवाले, आई तिथली. क्वीन्स पार्कचा हा बचावपटू जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. मार्च १८८१ मध्ये लंडनच्या ओव्हलवर तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि इंग्लंड १-६ हरले. ज्या काळात तो ज्या साम्राज्यात राहत होता, ते आठवून मी त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. मुलगी छत्री धरून कंटाळली.

आता ‘हौशी’विषयी. स्कॉटिश कप दहादा जिंकलेला हा संघ. ‘खेळासाठी खेळ’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्यांनी शब्दशः पाळले. पगारी खेळाडूंचे वारे शिरेल म्हणून १८९० मध्ये सुरू झालेल्या लीगपासून दहा वर्षे लांब राहिले. त्यात मागे पडले, हे खरेच. शंभरहून अधिक वर्षे कोणाला पगार नाही. मँचेस्टर युनायटेडचे नामवंत प्रशिक्षक झालेले अॅलेक्स फर्ग्युसन यांची खेळाडू म्हणून सुरुवात इथलीच. पुढे लिव्हरपूलकडून खेळलेला अँडी रॉबर्टसन २०१२-१३ च्या मोसमात इथे फुकट खेळायचा आणि पैशांसाठी आताच्या हॅम्पडेन मैदानावर तिकिटांचे फोन घ्यायचा. पण करारच नसल्यामुळे तयार झालेला खेळाडू दुसऱ्याने अलगद उचलून न्यावा, हे किती दिवस चालणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी मतदान करून हौशीपणा सोडला. मला वाईट वाटले, पण दोष देववत नाही. तात्पर्य, आयब्रॉक्सवर जिंकलेला संघ पगारी होता. आपल्या बातमीतला ‘हौशी’ पाच वर्षे शिळा आहे.

दुरुस्ती छापालच, तर गोलरक्षक कॅलम फेरीचे नावही येऊ द्या. भरपाई वेळेत रेंजर्सच्या कर्णधाराची पेनल्टी त्याने अडवली नसती, तर मथळा द्यायची वेळच आली नसती. ते बातमीत कुठेच नव्हते.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर