पॅच पाठवला, पुढे काय झालं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'आमच्या विद्यार्थ्यांचे ओपन सोर्समध्ये योगदान' अशा जाहिराती प्रवेशाच्या हंगामात इंजिनीअरिंग कॉलेजं हल्ली सर्रास करतात. (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असं सॉफ्टवेअर.) त्यातलं प्रकल्पात शिरलं किती, हे पालक विचारत नाहीत आणि कॉलेज सांगत नाही. मी डेटाबेस सांभाळण्याची नोकरी करते. फावल्या वेळात पोस्टग्रेसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेससाठी आलेले पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, तपासते, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिथे बहुतेक पॅच 'कमिटफेस्ट' म्हणजे तपासणीच्या फेरीच्या यादीत नोंदवले जातात. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा वर्षातून पाच फेऱ्या, प्रत्येक साधारण महिनाभराची. नोंदीपुढे स्थिती लिहिलेली असते: 'नीड्स रिव्ह्यू' (तपासणी बाकी), 'वेटिंग ऑन ऑथर' (पॅच लिहिणाऱ्याच्या उत्तराची वाट), 'रेडी फॉर कमिटर' (अंतिम मंजुरीसाठी तयार) आणि सगळं जमलं तर 'कमिटेड' (मूळ कोडमध्ये दाखल). ही यादी लॉगिन न करताही कोणालाही दिसते. आपल्या सरकारी फाइलींच्या नशिबी एवढा उघडेपणा कुठला!

मध्यंतरी आपल्याच राज्यातल्या एका विद्यार्थ्याचा पॅच माझ्याकडे आला. डेटाबेसला आज्ञा देण्याच्या पीएसक्यूएल या प्रोग्रॅममध्ये टॅब दाबला की अर्धवट आज्ञा पूर्ण होते, त्यात राहून गेलेला एक पर्याय त्याने भरला होता. काम छोटं, पण नेटकं. मी चाचणी जोडायला सांगितली. तेवढ्यात मूळ कोड पुढे सरकला आणि पॅच लागेना, म्हणून रीबेस करायला, म्हणजे नव्या कोडवर पुन्हा बसवायला सांगितलं. 'वेटिंग ऑन ऑथर' लागलं ते लागलंच. मुलाचे कॅम्पस इंटरव्ह्यू आटोपले असावेत. शेवटी नोंद 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' (अभिप्रायासह परत) म्हणून बंद झाली. मुलाला मी दोष देत नाही. कॉलेजला पॅच पाठवल्याचा स्क्रीनशॉट हवा होता, तो त्याने दिला.

या प्रकल्पात आणखी एक रीत आहे: आपला पॅच नोंदवलात, तर साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा पॅच तपासायचा. लिहिणारे भरपूर, तपासणारे मोजके, त्यामुळे रांग तुंबते ती इथेच. दुसऱ्याचा कोड वाचून 'हे इथे मोडेल' असं सांगता येणं, ही माझ्या मते पॅच लिहिण्यापेक्षा वरची परीक्षा. तिला आपल्या कॉलेजांत शून्य गुण.

तेव्हा गुण देणाऱ्यांनी स्क्रीनशॉट न मागता नोंदीची लिंक मागावी आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा उघडावी. तपासलेल्या पॅचलाही गुण द्यावेत. नोंद कशी वाचायची हे कोणत्याही प्राध्यापकांना दाखवायला मी विनामोबदला येईन. फक्त मार्चमध्ये बोलावू नका, जुलैपासून सुरू होणाऱ्या आमच्या वर्षातली शेवटची फेरी तेव्हाच असते.

– एक वाचक, कोथरूड, पुणे