गच्चीवरची भाजी: आधी ऊन मोजा, मग बी आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की घरच्या घरी भाजी पिकवण्याबद्दलचे लेख, बियाण्यांच्या पाकिटांच्या जाहिराती आणि रोपवाटिकांतली गर्दी एकदमच वाढते. दिवाळीपर्यंत यातल्या बऱ्याच कुंड्या रिकाम्या होऊन गच्चीच्या कोपऱ्यात एकात एक रचलेल्या दिसतात. ‘आमच्या हाताला गुण नाही’ असं म्हणून लोक नाद सोडून देतात. हाताच्या गुणाचा इथे फारसा संबंध नाही. ऊन कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूने येतं हे न पाहता भाजी निवडली जाते, आणि पुण्या-मुंबईतल्या बहुतेक निराशेचं मूळ तिथे असतं. कीडसुद्धा अशा अशक्त झाडावर आधी बसते.

पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांमधला अडीच महिन्यांचा काळ सोडला तर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला दुपारचं ऊन मिळण्याचे दिवस तेवढेच, आणि त्यातले निम्मे ढगांत जातात. तिथे टोमॅटो, वांगी लावू नयेत. अळू, पुदिना, माठ, मायाळू लावावेत. दक्षिणेच्या बाल्कनीचं उलट आहे. मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडून ती जवळजवळ उन्हाविनाच राहते. पण डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. अशा घरांनी फळभाजीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरावा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दर तासाला ऊन कुठे पडलं आहे तिथे खडूने खूण करा. सहा तास भरले तर फळभाजी, तीन-चार तास असतील तर पालेभाजी. त्याहून कमी असेल तिथे कुंडी ठेवून स्वतःला त्रास करून घेऊ नये.

उन्हाइतकाच ऋतूही बघावा लागतो. पावटा आणि देशी वाल जूनमध्ये पेरले तर नुसते वेल आणि पानं वाढत राहतात, कारण दिवस लहान झाल्याशिवाय त्यांना फूल येत नाही. खत घालून काही होत नाही, उलट पानंच वाढतात. कोथिंबीर एप्रिल-मेमध्ये नीट उगवत नाही आणि उगवली तरी चार पानांवर फुलोऱ्यात जाते. तिचे धणे हलके रगडून दोन दळं करावीत, रात्रभर भिजवावेत आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पेरावेत. आठ-दहा दिवस ओल टिकवली की उगवण एकसारखी होते. टोमॅटोची फुलं उन्हाळ्यात गळतात ती उकाड्याच्या रात्रींमुळे. फळाच्या बुडाला काळा चामडी डाग पडतो तो पाणी कधी भरपूर तर कधी नाही, असं झाल्यामुळे. कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. त्यासाठी अंड्याची टरफलं घालण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. रोज ठरल्या वेळी पाणी द्या आणि वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन करा, डाग थांबतात.

वेलभाज्यांबद्दल सर्वाधिक तक्रार अशी: वेल छान वाढला, फुलंही आली, पण दुधी बोटाएवढा होऊन पिवळा पडतो आणि गळतो. लोक याला रोग समजून औषधं आणतात. खरं कारण परागीभवन न होणं. दुधी, दोडका, कारली, काकडी, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नर फूल लांब बारीक देठावर सरळ उभं असतं. मादी फुलाच्या मागे लव असलेलं इवलंसं फळ आधीपासूनच असतं. सुरुवातीची फुलं बहुतेक सगळी नर असतात, त्यामुळे पहिले काही दिवस फळ धरलं नाही तर घाबरू नये. मुख्य वेलाचा शेंडा सहा-सात पानांवर खुडला तर बगलेतल्या फांद्यांवर मादी फुलं लवकर येतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्यावर येणारे पतंग सातव्या-आठव्या मजल्यावर क्वचितच पोचतात. म्हणून साडेसहा-सातला ताजं उमललेलं नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवाव्यात आणि मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर, त्या तीन भागांच्या चिकट गाठीवर, हलकेच फिरवावा. एका नर फुलात दोन मादी फुलं सहज होतात. दोडक्याचं पिवळं फूलही संध्याकाळचंच. भोपळा, कारली, काकडी मात्र सकाळी नऊच्या आत. तीन-चार दिवसांत फळ खाली झुकून फुगायला लागलं की जमलं. हे ज्याने एकदा केलं, त्याला बाजारातला दुधी बघण्याची नजरच वेगळी येते.

यानंतरची खरी डोकेदुखी फळमाशीची. कोवळ्या दोडक्याला, कारल्याला ती भोक पाडून आत अंडी घालते. तिथून डिंक पाझरतो आणि फळ वाकडं होतं. दुकानदार बऱ्याचदा आंब्याच्या फळमाशीचा सापळा हातात देतात. त्यातलं मिथाईल युजेनॉल हे वासाचं आमिष वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही, तिला क्यू ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. आणि तो सापळाही फक्त नरांना ओढतो, म्हणून एकाच बाल्कनीत एक सापळा टांगून भागत नाही; सगळ्या इमारतीने लावले तर फरक पडतो. घरापुरता खात्रीचा उपाय म्हणजे फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत त्यावर वर्तमानपत्राची किंवा जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधणं. किडलेलं फळ कंपोस्टच्या डब्यात कधीच टाकू नये, कारण अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच डब्यातून निघते. ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवावं.

बाकी किडींचं थोडक्यात. वांग्याचा एखादाच शेंडा माना टाकतो तेव्हा आत अळी असते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, शेंडा इंचभर खालून कापून नष्ट करावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, पांढरी माशी पसरवते तो विषाणू. त्याला औषध नाही. झाड लगेच उपटावं आणि पुढच्या वेळी ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’चं बी घ्यावं, ते जास्त तग धरतं. मिरचीचा चुरडामुरडा नीट पाहावा: पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी नावाची अगदी बारीक कीड. फुलकिड्यांवर निंबोळी अर्क चालतो. कोळीवर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, तेही कडक उन्हाळ्यात नाही, पानं भाजतात. अर्कासाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, थोडं साबणाचं पाणी घालावं आणि सूर्य कलल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावं. आठवड्याने पुन्हा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्यांची रांग शोधा. त्या याला राखतात.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. चार माणसांच्या भाजीला साधारण अर्धा किलो, म्हणजे पस्तीस-चाळीस भेंड्या लागतात. एक झाड भरात असताना दिवसाआड एखादी भेंडी देतं. तेव्हा दोन झाडं लावून भाजी होत नाही. पंधरा लावा, नाहीतर ती जागा पालेभाजीला द्या. भेंडी झाडावर जून होऊ दिली तर पुढची फुलं कमी होतात, हेही लक्षात ठेवावं. पैशांच्या दृष्टीने परवडतात ती मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता. पण मंडईत सहसा न मिळणारं काही या कुंड्यांत मिळतं. मुळा न उपटता तसाच राहू दिला तर त्याच्या कोवळ्या डिंगऱ्या. परागीभवन उरकल्यावर उरलेल्या भोपळ्याच्या नर फुलांची भजी. मायाळूची जाड, ओली पानं. चिमटीने खुडलेली लसणाची पात. डिंगऱ्या खुडल्यावर तासाभरात फोडणीत पडल्या तर त्यांचा करकरीतपणा टिकतो. त्या चवीसाठी कुणी तीन महिने एक कुंडी अडवून ठेवली तर ते अगदी योग्य आहे.

आता सोसायटीतल्या भांडणांबद्दल. गच्चीवर बागेला विरोध करणारे सभासद बहुतेक वेळा गळतीला घाबरतात, आणि त्यांचा मुद्दा खोटा नसतो. वावर असलेल्या सपाट छपरासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतं, आणि त्यात माणसंही आली. एक चौरस मीटरवर फूटभर उंचीचा मातीचा वाफा केला तर ती ३०० लिटर माती होते. भिजल्यावर तिचं वजन ५०० किलोच्या आसपास जातं. स्लॅबवर थेट मातीचा वाफा करू नये तो यामुळे. फूटभर व्यासाच्या, फूटभर उंच पिशवीत वीस-एकवीस लिटर मावतं: ओली माती भरली तर ३५ किलो, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळा आणि कंपोस्ट भरलं तर साधारण निम्मं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर भाजी करून हलक्या माध्यमाचा हा मार्ग केव्हाच दाखवून दिला आहे. कोकोपीट मात्र दोन-तीनदा धुऊन घ्यावं, त्यात क्षार असतात. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर चार-सहा इंच उचलून, तुळयांच्या रेषेत ठेवाव्यात, छज्ज्यावर नाही. पाणी निघण्याच्या तोंडाला जाळी बसवावी. खालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी कोरड्या कराव्यात, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसता क्षणी काढावं. एवढं लेखी कबूल करून घेतलं तर सोसायटीने परवानगी नाकारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि त्याच सोसायट्यांनी आवारातला पाला जाळणं थांबवावं. ओला कचरा एक भाग आणि वाळकी पानं तेवढीच, असा थर दिला तर डब्याला वास येत नाही. मूठ दाबल्यावर एखादाच थेंब सुटावा. धार लागली तर पाला कमी पडला आहे. मिश्रण काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, ते झाडाला घालू नये. अर्धवट कुजलेलं खत रोपाचा नत्र खाऊन टाकतं आणि पानं पिवळी पडतात.

आपल्या दैनिकाकडे विनंती एवढीच, की ‘बारा महिने ताजी भाजी’ अशा मथळ्यांऐवजी दर पंधरवड्याला चार ओळींचं पेरणीचं वेळापत्रक छापावं, कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भासाठी वेगळं. पुण्यापुरती सुरुवात रोहिणीपासून करता येईल. २५ मे ते ७ जून: मिरची आणि वांग्याचं बी ट्रेमध्ये, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, सावलीत; दुधी, दोडका, कारल्याचं बी रात्रभर भिजवून थेट मोठ्या कुंडीत, ३० लिटरला एकच वेल; भेंडी एका १२ लिटरच्या पिशवीत एक; कोथिंबीर आणि पावटा अजून नको.

आपले,
गच्चीवर भाजी पिकवणारे काही वाचक, पुणे