हिरव्या अजगराआधी त्याची पेटी

चि. अनीश,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात ग्रीन ट्री पायथन घरी आणायचा तुझा बेत कळला. साप तोच ठेव, महिना बदल. मिनेसोटाच्या थंडीत सापाचं पार्सल दोन तास जरी उघड्यावर पडून राहिलं तरी पिल्लू हातचं जाईल. पाठवणाऱ्याच्या आणि तुझ्या, दोन्ही गावांत तापमान ५ ते ३० अंशांत असेल असे आठवडे एप्रिल-मेमध्ये मिळतात. तोवर पेटी तयार कर आणि साप येण्याआधी ती तीन आठवडे रिकामी चालव. हा साप पेटीतल्या चुका बरेच दिवस निमूट सोसतो. त्या आपल्या लक्षात येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

झाडावरचा साप म्हणून दुकानदार तुला उंच पेटी दाखवतील. ती घेऊ नकोस. ऊब वर चढते, म्हणून उंच पेटीत वरचा भाग तापलेला आणि तळ गार, अशी विभागणी होते. या सापाला दिवसा उंचावरच बसायचं असतं, त्यामुळे गारव्याची गरज असली तरी तो खाली न येता तापत राहतो. आडव्या पेटीत एकाच उंचीवर एक टोक उबदार आणि दुसरं गार ठेवता येतं. वर्षभराच्या पिल्लाला ६० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच पेटी पुरते. पुढे मोठ्या सापाला ९० × ६० × ६० हवी, मादी असेल तर नक्कीच. पेटी पीव्हीसी पत्र्याची आणि पुढे काचेची दारं असलेली घे. वर जाळी असलेली काचपेटी तुमच्याकडच्या हिवाळ्यात ओल धरणार नाही, आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पाण्याने फुगतं. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर झडपा असाव्यात, म्हणजे हवा आपोआप फिरते. कडांना सिलिकॉन लावलंस तर त्याचा वास पूर्ण जाऊ दे.

उष्णतेसाठी छताला रेडिअंट हीट पॅनल, म्हणजे खाली ऊब सोडणारी विजेची सपाट पाटी, लाव, उबदार टोकाकडे. या पेटीला ४० वॉटचं पुरेल, मोठ्या पेटीला साधारण ८० वॉटचं लागेल. खालून तापणारी मॅट या सापाच्या कामाची नाही, तो जमिनीवर सहसा बसत नाही. पेटीच्या आत उघडा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर तर मुळीच नको. साप त्यालाही विळखा घालतो आणि भाजून निघतो. उबदार दांडीवर, म्हणजे त्या टोकाला साप बसेल त्या आडव्या काठीवर, दिवसा ३० ते ३१ अंश सेल्सिअस हवं, म्हणजे तुझ्या थर्मामीटरवर ८६ ते ८८ फॅरनहाइट. गार टोक २५-२६ वर ठेव. रात्री सगळी पेटी २४-२५ वर आली तरी चालते. ३३ च्या वर दिवसभर राहिलं तर साप पाणी गमावू लागतो आणि पुढची दुखणी तिथूनच सुरू होतात.

थर्मोस्टॅट प्रपोर्शनल प्रकारचा घे. तो वीज हळूहळू कमी-जास्त करतो, चालू-बंदचे झटके देत नाही. खरी मेख प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या त्याच्या तारेच्या टोकाची आहे. तो उबदार दांडीच्या उंचीवर, पण साप त्यावर बसणार नाही अशा बेताने बाजूला, केबल टायने पक्का बांध. प्रोब सुटून तळाशी पडला तर त्याला गारवा लागतो, पॅनल पूर्ण ताकदीने चालू राहतं आणि वर साप भाजतो. फवारणीने प्रोब भिजला तरी तेच, कारण ओला प्रोब खरं तापमान दाखवत नाही. चिकटपट्टी पेटीच्या आत कुठेही वापरायची नाही. ती सुटली की सापाला चिकटते आणि ओढताना कातडी सोलून निघते.

रिकाम्या पेटीच्या पहिल्या आठवड्यात एक चाचणी कर. घरी असशील त्या दिवशी पॅनल थर्मोस्टॅटशिवाय थेट विजेवर पाच-सहा तास चालू ठेव आणि उबदार दांडीवर किती अंश होतात ते पाहा. आकडा ३७-३८ च्या पुढे गेला तर पॅनल त्या पेटीला मोठं आहे, लहान घे. थर्मोस्टॅट कधीतरी बिघडतोच, आणि तो बिघडल्यावरही साप वाचावा असं पॅनल हवं. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नकोस. दोन्ही टोकांना किमान-कमाल नोंदवणारे वेगळे डिजिटल थर्मामीटर ठेव.

आता दांड्या. हा साप अंगाची वेटोळी आडव्या फांदीवर दोन्ही बाजूंना खोगिरासारखी टाकून मधोमध डोकं ठेवतो. तिरप्या दांडीवर त्याला तसं बसता येत नाही. दांडीची जाडी सापाच्या मधल्या भागाइतकी किंवा किंचित कमी असावी, वर्षाच्या पिल्लाला एक ते दीड सेंटीमीटर. एक दांडी पॅनलच्या खाली १५ ते २० सेंटीमीटरवर, दुसरी त्याच उंचीवर गार टोकाला, आणि तिसरी जरा खाली, कारण रात्री भक्ष्याची वाट पाहायला तो खाली उतरतो. पीव्हीसी पाइप वापरलास तर सँडपेपरने खरबरीत कर, गुळगुळीत पाइपवरून तो घसरतो. लाकडी दांडीला बुरशी धरली की ती फेकून दे.

या दांड्या वरून उघड्या, यू आकाराच्या खोबणीत बसव. पेटी साफ करायची तर सापासकट दांडी उचलून बाजूच्या डब्यात ठेवता आली पाहिजे. पिल्लाला दांडीवरून ओढून सोडवलं तर त्याचा कणा दुखावतो, विशेषतः शेपटीकडचा, आणि तिथे कायमचा बाक राहतो. विकायला ठेवलेल्या सापांत असे बाक पुष्कळ दिसतात. घेताना शेपटीवरून नजर फिरव.

दोन्ही वरच्या दांड्यांभोवती पानं भरपूर लाव, प्लास्टिकची किंवा मनीप्लांटची. आडोसा फक्त गार बाजूला असेल तर साप ऊब सोडून आडोसा निवडतो, गारठ्यात बसतो आणि खाल्लेलं पचत नाही.

सगळ्यात जास्त चुका ओलाव्यात होतात. पावसाच्या जंगलातला साप म्हणून लोक पेटी दिवसरात्र ८०-९० टक्क्यांवर ठेवतात, झडपा बंद करतात, धुकं सोडणारा फॉगर लावतात. न्यू गिनीच्या रानात पाऊस पडतो तसा ओसरतोही, वारा फिरतो आणि पानं वाळतात. बंद पेटीतल्या साचलेल्या ओलीत जंतू वाढतात, पोटाच्या खवल्यांखाली फोड येतात, छातीत कफ होतो. म्हणून संध्याकाळी पेटीतले दिवे बंद व्हायच्या वेळेला पानांवरून पाणी निथळेल इतकं फवार. त्या वेळी आकडा ८०-९० वर जाईल. रात्रभरात तो उतरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ५० च्या आसपास यायला हवा. काच दुपारीही धुरकट असेल तर हवा कमी पडते आहे, झडप उघड. दोन तासांत सगळं कोरडं ठणठणीत झालं तर झडप अर्धी झाक. हिवाळ्यात तुमच्या हीटिंगमुळे खोलीतली हवा फार कोरडी पडते. अशा वेळी पेटीत आणखी पाणी ओतण्यापेक्षा खोलीत ह्युमिडिफायर लाव आणि खोली ४० टक्क्यांवर आण, पेटी मग आपोआप सांभाळली जाते. ओलावा मोजणारे काट्याचे हायग्रोमीटर भरवशाचे नसतात, डिजिटल घे.

फवारणी पाणी पिण्यासाठीही आहे. हा साप वेटोळ्यांवर साचलेले थेंब पितो, तेव्हा थोडं पाणी त्याच्या अंगावरही पडू दे. तरी तळाशी रुंद भांडं हवंच, त्यातलं पाणी एक दिवसाआड बदल. पाणी पुरतं की नाही हे युरेट सांगतं, म्हणजे विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग. तो मऊ आणि पांढरा असेल तर ठीक. पिवळा, केशरी, खड्यासारखा झाला तर सापाला पाणी कमी पडतं आहे. हे कळावं म्हणून पहिले सहा महिने तळाला साधा कागद घाल. नारळाच्या सालीचे तुकडे नंतर घालता येतील.

उजेडासाठी बारा तास साधा एलईडी पुरे. सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा दिवा) दिलीस तर हरकत नाही, मात्र पानांची सावली ठेव.

साप निवडताना रंगावर भाळू नकोस. पिल्लं पिवळी किंवा विटकरी जन्मतात आणि पुढे हिरवी होतात, शेवटी हिरव्याची कोणती छटा येईल हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. तू वर्षभराचा, सलग दहा-बारा वेळा मेलेला उंदीर स्वतःहून खाल्लेला, अमेरिकेतच जन्मलेला साप घे. आईबापांचे फोटो आणि खाण्याची नोंद माग. इंडोनेशियातून ‘फार्ममध्ये जन्मलेले’ म्हणून येणारे स्वस्त साप टाळ. लायन्स आणि नटुश या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं की तिथून बंदिवासात जन्मलेले म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले होते. तिथल्या बियाकसारख्या बेटांवरून होणारी ही लूट थांबायची तर घेणाऱ्याने हात आखडायला हवा. असे साप जंत आणि ताण घेऊन येतात, हे वेगळंच.

घेण्याआधी नायडोव्हायरसची पीसीआर तपासणी झालेली हवी. तोंडातल्या स्वॅबवर होते. या जातीला हा विषाणू फार छळतो आणि त्यावर औषध नाही. एकदा निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कर. तोंडात चिकट लाळ, श्वासाचा आवाज, डोकं वर करून तोंड उघडं ठेवणं यांतलं काही दिसलं तर थांबायचं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर आताच शोधून ठेव, नेहमीच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात हे काम होत नाही.

साप आला की पहिले सात दिवस फक्त पाणी आणि फवारणी. खायला देऊ नकोस, हात लावू नकोस. आठव्या रात्री दिवे बंद होऊन तास-दीड तास झाल्यावर उंदीर दे. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू देऊन, पिशवीत घालून कोमट पाण्यात ४० अंशांपर्यंत ऊन करायचा आणि पुसून लांब चिमट्याने समोर धरायचा. ओठांवरच्या खाचांनी त्याला ऊब कळते, गार उंदीर तो ओळखतच नाही. भक्ष्य त्याच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. वर्षाच्या पिल्लाला दहा-बारा दिवसांतून एकदा, मोठ्याला दोन ते तीन आठवड्यांतून. भूक नेहमीच दाखवेल, ऐकू नकोस. हा दिवसभर न हलणारा साप आहे. जास्त खाणं, कमी पाणी आणि साठलेली विष्ठा यांतून गुदद्वाराचा भाग बाहेर येतो. तसं झालं तर ओल्या स्वच्छ गॉजने तो झाकून लगेच डॉक्टरकडे ने. खाल्लेलं उलटून टाकलं तर पुढचे १४ दिवस उपाशी ठेव, तापमान तपास आणि मग अर्ध्या आकाराचा उंदीर दे.

कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा फवारणी थोडी वाढव. कात एकसंध निघाली पाहिजे. तुकड्यांत निघाली तर ओलावा कमी पडला. डोळ्यावर राहिलेली कात नखाने काढू नकोस. साप सलग दोन दिवस तळाशी बसला तर आधी उबदार दांडीचं तापमान बघ.

हाताळायचं म्हणशील तर दीड वर्षाचा होईपर्यंत नाही. नंतरही दिवसा, साप उचलायच्या हुकने हळूच अंगाला स्पर्श करून जागा करून. अंधार पडल्यावर पेटीत शिरलेला हात त्याला भक्ष्यच वाटतो, आणि पुढचे दात चांगलेच लांब असतात.

घरमालकाची परवानगी लेखी घे आणि शहराचा नियम बघ. आणखी एक, हा साप वीस वर्षं जगू शकतो. तो साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतही अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. परवान्यांशिवाय तो इकडे आणता येणार नाही, आणि सामानातून तर कधीच नाही. परत यायचं ठरलं तर तो तिथे कोण सांभाळेल, हे घेण्याआधी ठरव.

पेटी सुरू झाली की दोन्ही टोकांचे रोजचे किमान-कमाल तापमान, फवारणीची वेळ आणि दुपारी दोनचा ओलावा लिहून मला पाठव. त्यावरून झडपा किती उघड्या ठेवायच्या ते सांगते.

तुझी,
आई