दादा, डायनामो गेला नव्हता

विनिपेग (कॅनडा), जानेवारी

दादा,

आईबाबांना नमस्कार. त्या दिवशी माझ्या गाडीच्या दुखण्यावर बोलताना फोन मधेच कटला आणि तुझं 'ब्रश बघ, डायनामोच गेलाय' एवढंच ऐकू आलं, म्हणून सगळं नीट लिहितोय, नाहीतर तू तिकडं सातारला बसून बॅटरी चार्ज करणारा माझा डायनामो खोलून ठेवशील.

तर झालं असं, बाहेर उणे ३०, सेल्फ मारला की इंजिन घर्र... घर्र करत कसंबसं फिरायचं, आणि चालू झाल्यावर हीटरचा फॅन, मागच्या काचेचा हीटर लावला की हेडलाईट पिवळे. इथं कुणालाही सांग, एकच उत्तर येतं, बॅटरी बदल. त्यात अगदीच चूक नाही म्हणा, कारण उणे १८ ला पूर्ण चार्ज बॅटरीची ताकदसुद्धा साधारण निम्म्यावर येते आणि तिकडं ऑईल घट्ट झाल्यानं इंजिनला फिरायला जास्त जोर लागतो. म्हणूनच इथं बॅटरी घेताना आपल्यासारखं नुसतं एएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते, बघत नाहीत, सीसीए बघतात, म्हणजे उणे १८ ला ३० सेकंद किती अँपिअर देते, तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता.

पण पैसे घालायच्या आधी मीटर लावायचा ही तुझीच सवय. मीटर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा लागतो बरं का, नाहीतर त्याचे आकडेच हळूहळू उमटतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.१ दाखवत होती, म्हणजे निम्मी उतरलेली. गाडी चालू करून, सगळा लोड टाकून बॅटरीवर १३.१. इथंच कुणीही डायनामो खराब म्हणून काढून टाकला असता. पण डायनामोच्या बोल्टवर आणि बॉडीवर मीटर धरला तर १४.४! मग उरलेला १.३ व्होल्ट जातोय कुठं? प्लसच्या वायरवर ०.१, ते ठीक. मायनसवर, म्हणजे डायनामोची बॉडी ते बॅटरीचं मायनस, १.२. तिथं ०.२ च्या वर गेलं की मी तरी वायर सोडत नाही.

अर्थची केबल, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाणारी, वरून चकाचक होती रे. थिंबळाजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीजवळ, रबर कापलं तर आत हिरवी पावडर आणि निम्म्या तारा खल्लास. इथं बर्फावर मीठ टाकतात, ते खालून सगळीकडं शिरतं. आणि सेल्फचा करंटही त्याच केबलमधून परत येतो, म्हणून इंजिन अडखळत होतं. एकाच दुखण्याची दोन लक्षणं.

नवी केबल टाकली, बॅटरी घरात आणून गरम होऊ दिली आणि रात्रभर चार्जरला लावली, कारण एवढ्या थंडीत ती चार्ज नीट घेतच नाही, आणि ऑफिसपर्यंतच्या दहा मिनिटांत तर काय भरणार कप्पाळ. आता बॅटरीवर १४.६ येतात. थंडीत डायनामोचा रेग्युलेटर मुद्दामच जास्त व्होल्ट देतो, तू बघितलंस तर लगेच कटआउट, म्हणजे रेग्युलेटरच, गेला म्हणशील. रात्री इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची पिन लावतो, पार्किंगमध्ये त्यासाठी प्लग असतात आणि सगळ्या गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबत असतात, बाबांना फोटो पाठवतो.

शेजारच्या पोराची गाडी महिनाभर तशीच उभी होती, तो दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायला जंपर केबल घेऊन आला तर मी थांबवला. बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली, आत गोठली होती. भरलेली बॅटरी इथल्या थंडीत सहसा गोठत नाही, पण पूर्ण उतरलेलीत नुसतं पाणीच राहिल्यासारखं होतं, ती उणे ७-८ लाही गोठू शकते. तिला जंप दिला तर फुटू शकते, वर अ‍ॅसिड अंगावर.

तुझ्याकडं रत्नागिरी, मालवणच्या गाड्या येतात ना, खाऱ्या हवेनं तिथंही हेच होत असणार. डायनामो उतरवायच्या आधी मायनसचा ड्रॉप, म्हणजे त्या वायरीत किती व्होल्ट जातात ते, एकदा बघ, लोड टाकून, नुसत्या आयडलवर नको, तसं काहीच दिसणार नाही. आणि तुझ्याकडचा तो थिंबळ दाबायचा जुना पाना वहिनी येताना बॅगेत टाकून दे, इथं मिळतो तो खेळण्यातला आहे.

तुझा,
बाळू