हावड्याच्या गार्डसाहेबांना

आदरणीय गार्डसाहेब,

सा. न.

तुम्हाला मराठी येत नाही हे ठाऊक असूनही मराठीतच लिहितेय. कोलकात्यात हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे हे तुम्हीच मला सांगितलंत. तिथे ऊठबस असलेल्या कुणी हे वाचलं आणि दक्षिण पूर्व रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, दमदमच्या बाजूला राहणारे, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला वळवून बांधणारे कुणी गृहस्थ ओळखीत असले, तर कृपा करून त्यांना एवढं वाचून दाखवावं.

आम्हा केबिन क्रूच्या नोकरीचं लोकांना भारी अप्रूप असतं. कालपर्यंत गुवाहाटी, आज कोची, मजा आहे बुवा तुमची! प्रत्यक्षात लेओव्हर, म्हणजे दोन फ्लाइटच्या मधला मुक्काम, तो म्हणजे हॉटेलचा जाड पडदा, चहाची किटली, इस्त्रीचा बोर्ड आणि पिकअपच्या, म्हणजे विमानतळावर न्यायला येणाऱ्या गाडीच्या, आधी वाजणारा वेक-अप कॉल. कोलकात्याला मी कितीदा उतरले असेन, पण शहर म्हणून पाहिलेलं काय, तर विमानतळाचा रस्ता. त्या दिवशी भाद्रपदातला पाऊस जरा उघडला होता, पिकअप संध्याकाळी सहाचा होता आणि बॅचमेट गाढ झोपली होती. म्हणून एकटीच निघाले आणि दमदम मेट्रोच्या नकाशासमोर येऊन उभी राहिले.

माझ्या सॅकला क्रूचा टॅग लटकत होता. तुम्ही तो पाहिलात आणि विचारलंत, “पिकअप कितने बजे?”

कुठून आलीस, काय बघायचंय, एकटीच का, यातलं काहीही नाही. पहिला प्रश्न पिकअपचा. मी सहा म्हटल्यावर खिशातली छोटी डायरी काढून तुम्ही उलटं मोजायला घेतलंत. सहाला गाडीत, म्हणजे साडेचारला खोलीत, म्हणजे साडेतीनला परत दमदमला, म्हणजे पावणेतीनला एस्प्लनेड सोडायचं. उरलेल्या वेळात जे बसेल ते कोलकाता. व्हिक्टोरिया मेमोरियल बसत नव्हतं, त्यावर काट. मलिक घाटाचा फूलबाजार पहाटेचा, आता तिथे चिखल बघणार का, त्यावरही काट. आमच्याकडे पाहुण्यांना गाव दाखवणारी माणसं वेळेत न बसणारी ठिकाणंही कोंबून कोंबून दाखवतात. तुमच्यासारखा निष्ठुर वाटाड्या मला आधी भेटला नव्हता.

अनोळखी शहरात अनोळखी माणसाबरोबर निघायचं, तर मी सावध होतेच. ते तुमच्या लक्षात आलं असणार, पण वाईट वाटून घेतलं नाहीत. पेन्शनरचं ओळखपत्र माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, याचा फोटो काढून आधी मैत्रिणीला पाठव, मग निघू. त्यानंतर दिवसभर तुम्ही माझ्या दोन पावलं पुढे, गर्दीतून, उजेडातून चालत राहिलात. बाईमाणसाला निर्धास्त कसं करायचं, यावर आमच्या क्षेत्रात भलीमोठी प्रशिक्षणं होतात. त्यात हे शिकवत नाहीत.

शोभाबाजारला उतरल्यावर आधी कचोरी. सालपानाच्या द्रोणात बटाट्याची तर्री आणि वर गरम जिलबी. पुचका, म्हणजे तिकडची पाणीपुरी, मात्र मला खाऊ दिला नाहीत, याचा राग अजून आहे. “संध्याकाळी ड्यूटी आहे. पोट बिघडलं तर मधेच उतरता येतं का?” रनिंग स्टाफचा, म्हणजे गाडीवर ड्यूटी करणाऱ्यांचा, हा नियम म्हणे खडगपूरपासून चक्रधरपूरपर्यंत एकच.

मग कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. माझं माहेर पेणजवळचं आहे, मी गणपतींच्या कारखान्यांच्या वासात वाढले, तेव्हा मूर्ती बघून हरखून जाणारी मी नव्हे, असं मला वाटत होतं. पण आमच्याकडे साचा असतो. शाडू असो की प्लास्टर, काम साच्यातून सुरू होतं. इथे आधी बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळून बांधलेला पेंढा. पेंढ्याचीच मांडी, पेंढ्याचाच दंड, पेंढ्याचाच सिंह. मग गंगेच्या मातीचे थर. तोंडं तेवढी साच्यातली, आणि बोटं वेगळी करून नंतर बसवायची. पावसामुळे एका गल्लीत कारागीर बर्नरची ज्योत फिरवून देवीचा खांदा सुकवत होता. मी त्याला आमच्याकडच्या आखणीबद्दल सांगायला लागले, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, आणि त्यासाठी कारखान्यात वेगळा हात असतो ते. तुम्ही त्याला बंगालीतून समजावलंत. तो म्हणाला, देवीचे डोळे महालयाला, म्हणजे दुर्गापूजेच्या आधीच्या अमावास्येला, तोवर ती आंधळीच. मग मला त्याने पेंढा आवळायची गाठ दाखवली. ती मी फोनवर टिपून घेतली आहे आणि पेणच्या काकांना दाखवली आहे. काकांचं मत, वेळखाऊ काम आहे. तोंडाने असं म्हणत त्यांनी ती तीन वेळा बघितली.

बागबाजारला तुम्ही मला एका गल्लीच्या पाटीसमोर उभं केलंत आणि पहिल्यांदाच हसलात. मराठा डिच लेन. “तुमच्यासाठी खणलं होतं!” नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ साली बंगालात शिरल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. जेमतेम तीन मैल झाला आणि बर्गी, म्हणजे बंगालीत आमचे मराठा घोडेस्वार, शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. शाळेत आम्ही अटकेपार झेंडे घोकले होते. बंगालात आमच्या घोडेस्वारांनी गावं लुटली, जाळली, आणि तिथल्या आया आजही पोराला झोपवताना बर्गी आले म्हणून गाणं म्हणतात, हे आमच्या पुस्तकात ओझरतं असेल तर असेल. तुम्ही ते बोचेल असं सांगितलं नाहीत. तुमची आजीही तेच गाणं म्हणायची, एवढंच म्हणालात, आणि मातीच्या भांडातला चहा माझ्या हातात दिलात. माझा चेहरा पाहून वर पुस्ती जोडलीत, “आता तर बर्गीच आम्हाला विमानात चहा देतात.”

लाँचने हावड्याकडे जाताना पूल डोक्यावरून सरकला. तो असा खालून बघायचा, हा तुमचा हट्ट बरोबर होता. १९४३ मध्ये सुरू झालेला, सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा हा सांगाडा नटबोल्टवर नव्हे तर रिव्हेटवर उभा आहे, आणि खालून ती रिव्हेटं रांगेने दिसतात. पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी पुलाच्या लोखंडाचे पाय कुरतडले म्हणून तिथे फायबरचं आवरण बसवावं लागलं, हेही तुम्हीच सांगितलंत. इथे मला बंगालला नावं ठेवायची सोय नव्हती. आमच्या स्टेशनांचे जिने आठवले.

हावडा स्टेशनात तुम्ही बोडो घोडीखाली थांबलात. १९२६ पासूनचं ते दोन तोंडांचं मोठं घड्याळ; सगळं कोलकाता एकमेकांना त्याच्याखाली भेटायला बोलावतं. तुम्ही मनगट वळवून घड्याळ जुळवलंत. निवृत्त झाल्यावरसुद्धा! तिथल्या बाकावर आपण बसलो, ती माझ्या दृष्टीने सहलीतली सगळ्यात महत्त्वाची जागा. तुमची ड्यूटीच्या सामानाची लाइन बॉक्स, माझी ट्रॉली बॅग. तुमची ड्यूटीवर हजेरी लावायची लॉबी, आमचं ब्रीफिंग. तुमची मुक्कामाची रनिंग रूम, आमचं हॉटेल. मी विचारलं, इतकी वर्षं चक्रधरपूरला जात होतात, तिथे बघितलंत काय? तुम्ही म्हणालात, “मच्छरदाणी.” गाडी घेऊन जायचं, झोपायचं, गाडी घेऊन यायचं. टाटानगरचं ज्युबिली पार्क निवृत्तीनंतर, बायकोबरोबर तिकीट काढून पाहिलंत. ड्यूटीवरच्या माणसाला शहर दिसत नाही, कारण त्याचा एक डोळा सतत घड्याळावर असतो. म्हणून आज घड्याळ मी बघतो, तू शहर बघ, असं तुम्ही म्हणालात. आणि खरोखर, दमदम सोडल्यापासून मी एकदाही फोनवर वेळ पाहिली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं ते तुम्ही बोलल्यावर. या पत्राचं कारण तेच आहे.

परतीला नदीखालची मेट्रो. २०२४ पासून धावणारी. पाण्याखालचं अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, बोगद्यात निळे दिवे लागले की समजायचं, आता वर हुगळी आहे. पाऊण मिनिटात संपलं. आयुष्यभर लाँचने नाही तर पुलावरून नदी ओलांडून ड्यूटीला गेलेला माणूस मान वर करून बोगद्याच्या छताकडे बघत होता, तेव्हा मी बोगदा सोडून तुमच्याकडेच बघत होते. एस्प्लनेडला गाडी बदलताना घाई होती, तिथलं काही आठवत नाही.

दमदमला तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. मी फोन नंबर मागितला तर नको म्हणालात. मैत्रिणीला पाठवलेला ओळखपत्राचा फोटोही दोघींच्या फोनमधून काढून टाकायला लावलात, आता त्याचं काम संपलं म्हणून. मी ऐकलं. त्यामुळे आता असं उघड्यावर पत्र लिहायची वेळ आली आहे, आणि नाव माहीत असूनही इथे घालत नाही.

त्या रात्रीच्या फ्लाइटमध्ये एक आजोबा खिडकीतून खाली बघत मला विचारत होते, हे दिवे कुठले. एरवी मी हसून पुढे जाते. त्या दिवशी उतरल्यावर कॉकपिटला विचारून त्यांना सांगितलं, चक्रधरपूरच्या आसपासचे असावेत.

आता माझं एक काम करा. माघी गणपतीच्या आधी, कारखान्यात हातघाई सुरू होण्यापूर्वी, काकूंना घेऊन पेणला या. हावड्याहून मुंबई मेल पकडा, कल्याणला उतरा, मी न्यायला येते. परतीची गाडी कितीची ते फक्त कळवा. उलटं मोजायचं काम माझ्याकडे.

आपली,
एक बर्गी, केबिन क्रू